आढ्यवाताची कुळकथा

माझ्या आजोळी एक वृद्ध शिक्षक होते. मद्याला ते कधी शिवले नाहीत आणि मांसाहार तर घरातच वर्ज्य. तरीही वर्षातून दोन-तीनदा मध्यरात्री त्यांच्या पायाचा अंगठा एकाएकी सुजून लाल होई आणि पांघरुणाचे टोक लागले तरी ते कळवळत. आठ-दहा दिवसांत ठणका ओसरे. काही महिन्यांनी पुन्हा तेच. मास्तर चोरून काही खातपीत असावेत, अशी गावात कुजबूज चाले. दुखण्यापेक्षा तिचेच शल्य त्यांना अधिक होते.

ही कुजबूज फार जुनी आहे. चरकसंहितेत वातरक्तावर स्वतंत्र अध्याय आहे आणि त्या विकाराचे एक नाव 'आढ्यवात' असे दिले आहे. आढ्य म्हणजे धनिक. वातरक्त आणि आजचा गाऊट सर्वस्वी एकच, असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. परंतु सांध्यातला ठणका आणि श्रीमंतीचा ठपका दोहोंच्या वाट्याला सारखाच आला. युरोपातही हा राजे-सरदारांचा रोग समजला जाई. १६८३ साली त्यावर ग्रंथ लिहिणारा इंग्रज वैद्य थॉमस सिडनहॅम स्वतःच या रोगाने पिडलेला होता. हा रोग गरिबांपेक्षा श्रीमंतांना आणि मूर्खांपेक्षा शहाण्यांना अधिक गाठतो, असे म्हणून त्याने आपले समाधान करून घेतले. रोग्याला तेवढी सवलत द्यायला हरकत नाही!

खरे कारण सापडले ते रसायनशास्त्रामुळे. १७७६ साली शेले याने मूतखड्यातून यूरिक आम्ल वेगळे केले. १८४८ मध्ये लंडनच्या आल्फ्रेड गॅरड यांनी गाऊटच्या रोग्यांच्या रक्तात ते वाढलेले असते, हे दाखवले. त्यांची पुढची युक्ती मोठी साधी होती. रक्तातील पातळ द्रवात थोडे ॲसेटिक आम्ल घालून त्यात एक धागा सोडून ठेवायचा. आम्ल अधिक असेल तर धाग्यावर स्फटिक धरत. खडीसाखर धरते तसेच ते. तरीही सांध्यातला दाह याच स्फटिकांनी होतो, हे सिद्ध व्हायला आणखी शतक लागले. १९६१ मध्ये मॅकार्टी व हॉलंडर यांनी रोग्यांच्या सांध्यातील द्रवात सुईसारखे स्फटिक पाहिले. पुढच्याच वर्षी फेअर्स व मॅकार्टी या दोघांनी ते स्फटिक स्वतःच्या गुडघ्यांत टोचून घेतले आणि दोघेही वेदनेने हैराण झाले.

आहाराचा यात वाटा आहेच. मांस आणि मद्य यांनी आम्ल वाढते. परंतु त्यातील बराचसा भाग शरीर स्वतःच तयार करते, आणि बहुतेक रोग्यांची मूत्रपिंडे ते पुरेसे बाहेर टाकत नाहीत. ही प्रवृत्ती पुष्कळदा वंशपरंपरेने येते. मास्तरांच्या वडिलांचाही अंगठा असाच सुजत असे, हे गावाने कधी लक्षात घेतले नाही.

उपचारांची गोष्ट उलट्या क्रमाने घडली. कारण कळण्याच्या कितीतरी आधी औषध हाती होते. हकिमांचे सुरंजान आणि युरोपातील कॉल्चिकम या एकाच जातीच्या वनस्पती. १८२० मध्ये पेल्त्ये व काव्हाँतू यांनी कॉल्चिकममधील कार्यकारी द्रव्य वेगळे केले. मात्रा चुकली तर ते विषच; शिवाय त्याने झटका शमतो, रक्तातले आम्ल घटत नाही. आम्लाची निर्मितीच रोखणारे ॲलोप्युरिनॉल हिचिंग्ज आणि गर्ट्रूड एलियन यांच्या संशोधनातून आले आणि १९६६ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. ते मात्र दुखणे नसतानाही दीर्घकाळ घ्यावे लागते.

मास्तर त्यापूर्वीच, १९५८ साली, निवर्तले. एका हकिमाने दिलेली सुरंजानाची डबी शेवटपर्यंत त्यांच्या उशाशी असे, आणि पाहुणे आले की ते ती उशीखाली सरकवीत.