पाय सोडणारं पायडल

आमच्या जळकोटात पेडल कुणी म्हणत नाही, पायडल म्हणतात. 'जोरात पायडल मार', 'पायडल निखळलं', 'पोरगं हाफ पायडल शिकलं'. शाळेत मास्तरांनी शब्द सुधारून दिला तरी घरी येईपर्यंत तो पुन्हा पायडल व्हायचा. मला हा अपभ्रंश वाटत नाही. इंग्रजीने हा शब्द फ्रेंचातून घेतला आणि फ्रेंचांनी इटालियनमधून. तिथे 'पेदाले' म्हणजे ऑर्गन वाजवताना पायाने दाबायची पट्टी. त्याच्या मुळाशी लॅटिन भाषेतला पाय आहे: पेस, पेदिस. आपला पाय संस्कृतातल्या 'पाद'वरून प्राकृताच्या वाटेने आला. लॅटिन आणि संस्कृत एकाच कुळातल्या, म्हणून हे दोन्ही पाय चुलतभाऊ ठरतात. बालाघाटच्या डोंगरात ज्याने या परक्या शब्दात आपला पाय ऐकला, त्याने तो बरोबर ऐकला.

अलीकडे उदगीर, लातूर, नांदेडकडची मुलं माउंटन बाइक घेतात आणि थोड्याच दिवसांत विचारतात, क्लिपलेस पायडल घ्यावं का, आणि घ्यायचं तर पैसे वसूल होतील असं कोणतं? मी या प्रश्नाचं उत्तर किमतीपासून सुरू करत नाही. या वस्तूचं कुळ कळलं की निवड बरीचशी आपोआप होते.

पाय कुठेतरी अडकवून स्वार होण्याची कल्पना सायकलीपेक्षा फार जुनी आहे. इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या-पहिल्या शतकांत कोरलेल्या शिल्पांत, सांचीला आणि आपल्या मावळातल्या भाजे लेण्यांत, घोड्याच्या पोटाला आवळलेल्या पट्ट्याखाली पाय सरकवलेले स्वार दिसतात. पुढे धातूची रिकीब आली. हा शब्द अरबी 'रिकाब'चा, फारसीच्या हाताने आपल्याकडे पोचलेला. रिकिबीमुळे स्वाराला तोल मिळाला, उभं राहून वार करता येऊ लागला. पण स्वार पडला आणि पाय रिकिबीतच राहिला तर घोडा त्याला फरफटत नेतो. धरणारी वस्तू वेळेवर सोडेल का, हा प्रश्न तेव्हापासूनचा आहे. सायकलीला तो वारशातच मिळाला.

पहिल्या सायकलीला पायडल नव्हतंच. 1817 मध्ये जर्मनीच्या कार्ल ड्राइसने केलेल्या दुचाकीवर बसायचं आणि जमिनीला पाय रेटत जायचं. 1860 च्या दशकात फ्रान्समध्ये पुढच्या चाकालाच पायडल बसलं, आणि पिएर लालमां याने 1866 मध्ये अमेरिकेत त्याचं पेटंट घेतलं. 1885 ला जॉन केंप स्टार्ली याची रोव्हर आली. दोन सारखी चाकं, मागच्या चाकाला साखळी, मधोमध पायडल. आपल्या वडिलांची अ‍ॅटलस नाहीतर हर्क्युलिस ही तिचीच लेक.

त्या अ‍ॅटलसचं पायडल आठवतंय? दोन रबरी ठोकळे, मधून लोखंडी दांडी, आत छरे. रबर झिजून लोखंड उघडं पडलं की अनवाणी पायाला चटका बसायचा. नळीच्या खालून पाय घालून हाफ पायडल मारणाऱ्या पोराचा अंगठा त्या ठोकळ्याला घट्ट धरून असायचा. पाय निसटू नये म्हणून शरीर स्वतःच अंगठ्याचा आकडा करतं.

शर्यतीवाल्यांनी हेच लोखंडात केलं. पायडलच्या पुढे पिंजरा, त्यात बुटाचं टोक, वरून चामडी पट्टा. हा पिंजरा म्हणजे टो-क्लिप. पट्टा आवळला की पाय निसटायचा नाही, पण सोडवायचा तर खाली वाकून हाताने सैल करावा लागे. 1970 च्या सुमारास इटलीच्या चिनो चिनेल्लीने पिंजरा काढून टाकला आणि बूट थेट पायडलला जोडला. तरीही सोडवायला हाताने खटका ओढावाच लागायचा. म्हणजे रिकिबीचं दुखणं तसंच राहिलं.

उतारा मिळाला तो बर्फावरच्या खेळातून. फ्रान्समधली लुक ही कंपनी स्कीच्या फळीला बूट जोडणारी खीळ बनवायची. स्की करणारा पडला की ती खीळ आपोआप सुटावी लागते, नाहीतर पायाचं हाड मोडतं. त्यामुळे पाय सुरक्षित सोडायचा कसा, हे या कारागिरांना मुरलेलं होतं. 1984 मध्ये त्यांनी तेच पायडलला लावलं. वरून पाय दाबला की टक् करून बसतो, आणि टाच बाहेर वळवली की सुटतो. हाताचं काम संपलं. 1985 मध्ये बर्नार इनो याच पायडलवर आपली पाचवी टूर द फ्रान्स जिंकला, आणि जुन्या पट्ट्यांचे दिवस भरले.

नावातला गोंधळही इथलाच. पाय तर पक्का अडकतो, मग 'क्लिपलेस' का? कारण इथे क्लिप म्हणजे तो जुना पिंजरा. पिंजरा गेला, म्हणून क्लिपलेस. बुटाच्या तळाला बसणाऱ्या धातूच्या तुकड्याला क्लीट म्हणतात, आणि आपली पोरं सरळ 'क्लीटचं पायडल' म्हणतात. मला तेच नाव अधिक नेमकं वाटतं.

पण लुकची क्लीट मोठी होती, प्लॅस्टिकची, तळव्याच्या बाहेर आलेली. ती घालून डांबरी रस्त्यावर चार पावलं चालणंही जिकिरीचं. डोंगरात सायकल चालवणाऱ्याला तर उतरावं लागतं, ढकलावं लागतं, कधी खांद्यावर घ्यावी लागते. 1990 मध्ये जपानच्या शिमानोने त्याच्यासाठी एसपीडी नावाचं पायडल काढलं. पोलादाची लहानशी क्लीट, दोन स्क्रूंनी बसणारी, आणि ती बुटाच्या तळात खोल दडवलेली. चालताना रबर जमिनीला लागतं, धातू लागत नाही. पायडलला दोन्ही बाजूंनी जबडा, त्यामुळे खाली न बघता पाय बसतो. स्प्रिंगची पकड एका बारीक स्क्रूने कमी-जास्त करता येते. 2001 मध्ये कॅलिफोर्नियाच्या क्रँकब्रदर्सने एगबीटर आणलं. चारी बाजूंनी पाय धरणारं, नावाप्रमाणे अंडी फेटायच्या रवीसारखं, आणि इतकं उघडं की चिखल साचायला जागाच नाही.

आता जळकोटचा चिखल. पावसाळ्यात मुखेडच्या बाजूच्या पांदणीत शिरलात तर पहिली शंभर पावलं मुरूम, आणि मग काळी भारी जमीन. ही माती चिकटते आणि सुटत नाही. चाक, ब्रेक, बूट सगळं लिंपून काढते. सायकल ढकलत बाहेर आलो की मी बाभळीच्या काटकीने क्लीटभोवतीची माती कोरून काढतो, कारण तिथे माती भरली तर पायडलचा जबडा क्लीट धरतच नाही. चिखलापुरतं बोलायचं तर एगबीटर सरस आहे. तरीही मी विचारणाऱ्याला आधी शिमानोचं एम 520 हे एसपीडी पायडल सांगतो.

कारण पैसे वसूल होणं म्हणजे इथे वस्तू दुरुस्त करता येणं. एम 520 हलकं नाही, जोडीचं वजन 400 ग्रॅमच्या आतबाहेर. पण वजनाची बचत शर्यतीवाल्याने मोजावी. त्याच्या आत छरे आहेत, आणि खोलता येईल त्याला ते साफ करून ग्रीस भरता येतं. क्लीट पोलादाची, म्हणून टिकते. क्रँकब्रदर्सची पितळेची असते, ती आपल्या दगडगोट्यांत चालून लवकर झिजते. शिमानोच्या डब्यात क्लीटची जोडी सोबत येते. बूट मात्र वेगळे घ्यावे लागतात, आणि खरा खर्च तिथेच आहे. म्हणून पायडलवर कमी आणि बुटावर जास्त खर्च करा, हे माझं ठाम मत आहे.

दुसरं, स्प्रिंग सगळ्यात सैल करून सुरुवात करा. मी केली नव्हती. उदगीर रस्त्यावर शेळ्या आडव्या आल्या, मी थांबलो, टाच वळवली आणि पाय सुटला नाही. उभ्या सायकलीसकट मुरमावर आदळलो. कोपराची जखम भरायला महिना गेला. त्यानंतर तीन दिवस लिंबाच्या खोडाला हात टेकवून नुसतं अडकव-सोडव करत बसलो, शे-दीडशे वेळा. शिमानोची एसएच 56 नावाची क्लीट वेगळी मिळते. टाच आत-बाहेर वळवली किंवा वर ओढली तरी ती सुटते. नवशिक्याने ती घ्यावी.

पायडल बसवायला मी गावातल्याच दुकानात गेलो. ज्यांनी चाळीस वर्षं अ‍ॅटलस उघडली-जोडली, त्या काकांनी ते जपानी पायडल उलटसुलट करून पाहिलं, दांडीला बोट लावलं आणि म्हणाले, "आटे तर आपलेच की." तेच आटे होते, एका इंचाचा नऊ-सोळांश व्यास, इंचाला वीस. आणि डाव्याचे उलटे, जसे अ‍ॅटलसचे. आपण जोर लावतो तशी दांडी क्रँकच्या, म्हणजे पायडल धरणाऱ्या हाताच्या, भोकात किंचित लोळते, मोठ्या कड्यात लहान कडं लोळावं तशी, आणि लोळताना स्वतःभोवती फिरते ती चाकाच्याच दिशेने. डाव्या पायडलला सरळ आटे असते तर या लोळण्याने ते हळूहळू सुटत गेलं असतं. काकांना हे कारण कुणी सांगितलं नव्हतं, पण हाताला ठाऊक होतं. त्यांनी आट्यांना ग्रीस लावलं, पंधराचा पाना घेतला, उजवं उजवीकडे आवळलं, डावं डावीकडे.