औषध–पूरक आंतरक्रिया

औषध–पूरक आंतरक्रिया : डॉक्टरांनी लिहून दिलेले औषध चालू असताना जोडीला घेतलेली जीवनसत्त्वाची वा खनिजाची गोळी, चूर्ण, काढा किंवा रस यांमुळे त्या औषधाचा परिणाम घटणे अथवा वाढणे. ‘ताकदीची गोळी’, कॅल्शियम, कारल्याचा रस या गोष्टी अनेक घरांत औषध म्हणून मोजल्याच जात नाहीत. मग दवाखान्यात “आणखी कोणतं औषध चालू आहे?” असे विचारले, की रुग्ण अगदी प्रामाणिकपणे “काही नाही” म्हणतो. धोका इथूनच सुरू होतो.

महाराष्ट्रातील सर्वांत बोलके उदाहरण मुंबईच्या केईएम रुग्णालयातले आहे. फेनिटॉइन घेणाऱ्या मिरगीच्या दोन रुग्णांना आटोक्यात आलेल्या फिट पुन्हा येऊ लागल्या आणि रक्तातील औषधाची पातळीही उतरलेली आढळली. दोघेही शंखपुष्पीचे आयुर्वेदिक सिरप घेत होते. संशोधकांनी उंदरांवर प्रयोग करून 1992 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. दोन्ही औषधे काही दिवस एकत्र दिल्यावर फेनिटॉइनचा परिणाम घटला, रक्तातील पातळीही घसरली. विशेष म्हणजे एकट्या शंखपुष्पीत फिट रोखण्याचा गुण याच प्रयोगात दिसला होता. दोन गुणकारी औषधे एकत्र आली, तर गुण दुप्पट होतोच असे नाही. फेनिटॉइनची रक्तातील उपयुक्त पातळी दर मिलिलिटरला साधारण 10 ते 20 मायक्रोग्रॅम एवढीच असते, त्यामुळे थोडी घसरणही महागात पडते.

आंतरक्रिया घडण्याच्या वाटा वेगवेगळ्या आहेत. कॅल्शियम आणि लोह आतड्यातच थायरॉइडच्या गोळीला धरून ठेवतात आणि ती पुरती शोषली जात नाही. म्हणून या गोळ्यांमध्ये चार तासांचे अंतर ठेवतात. सिप्रोफ्लॉक्सासिन, डॉक्सिसायक्लिन या प्रतिजैविकांचेही असेच होते. के जीवनसत्त्व वॉरफॅरिन या रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळीच्या विरुद्ध काम करते. हृदयाची कृत्रिम झडप बसवलेल्या रुग्णात त्यामुळे गुठळी होऊ शकते.

काही वनस्पती यकृतातील औषधांचे विघटन करणाऱ्या विकरांचा वेग बदलतात. झुरिकमध्ये हृदयरोपण झालेल्या दोन रुग्णांनी ‘सेंट जॉन्स वर्ट’ ही वनस्पती घेतली, रोपण नाकारले जाऊ नये म्हणून दिलेल्या सायक्लोस्पोरिनची पातळी घसरली आणि शरीर नवे हृदय नाकारू लागले. हे 2000 साली प्रसिद्ध झाले. मिऱ्यांमधील पाइपरीन याच्या उलट, काही औषधांची पातळी वाढवते. त्याचाच मोजून उपयोग करून भारतात 2009 मध्ये क्षयरोगाची संयुक्त कॅप्सूल आली. तीत रिफाम्पिसिनची मात्रा नेहमीच्या 450 ऐवजी 200 मिलिग्रॅम आहे. तोच गुण न मोजता पोटात गेला, तर औषध अंगावर येऊ शकते.

कारल्याचा रस साखर कमी करतो आणि शुगरची गोळीही तेच करते. करी खाणाऱ्या एका मधुमेही महिलेत कारले आणि क्लोरप्रोपामाइड ही मधुमेहाची गोळी यांचा एकत्रित परिणाम दिसल्याची नोंद ‘द लॅन्सेट’मध्ये 1979 सालीच झाली होती. सकाळी गोळी आणि रस घेऊन उपाशीपोटी वावरात जाणाऱ्याला घाम, थरथर, भोवळ आली, तर आधी साखर किंवा गूळ द्यावा.

मूत्रपिंडाचा विकार असेल, तर धोका आणखी वाढतो. अमरावती जिल्ह्यातील भातकुली तालुका पूर्णा खोऱ्याच्या खारपाणपट्ट्यात येतो. इथले भूजल खारे आहे आणि मूत्रपिंडाच्या विकारांच्या तक्रारी या पट्ट्यातून वर्षानुवर्षे येत आहेत. मूत्रपिंड दुबळे असले, की पोटॅशियम पुरेसे शरीराबाहेर पडत नाही. रामिप्रिल, टेल्मिसार्टन या बीपीच्या गोळ्याही ते वाढवतात. त्यात ‘कमी सोडियम’चे मीठ आले, म्हणजे बहुधा पोटॅशियम क्लोराइडच आले. पोटॅशियम फार वाढले, तर हृदयाचे ठोके बिघडतात, थांबूही शकतात. मीठ कमी करायला सांगितलेल्या रुग्णाला पर्यायी मिठाबद्दलही बजावून सांगणे हे डॉक्टरांचे कामच आहे.

भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या 2016 च्या नियमांनुसार पूरकाच्या वेष्टनावर ‘औषधी वापरासाठी नाही’ हा इशारा लागतो. औषधांशी होणाऱ्या ज्ञात आंतरक्रियाही द्याव्या लागतात. सुटे चूर्ण किंवा घरचा काढा यांना मात्र वेष्टनच नसते.

दवाखान्यात जाताना घरातले सगळे डबे, पुड्या, बाटल्या एका पिशवीत घालून न्याव्यात. चालू गोळी मनाने बंद करू नये. औषधाचा विपरीत परिणाम जाणवला, तर गाझियाबादहून चालणाऱ्या राष्ट्रीय औषधदक्षता कार्यक्रमाला 1800-180-3024 या निःशुल्क क्रमांकावर रुग्ण स्वतःही कळवू शकतो.