ग्रीसबाहेरचे ग्रीक

ग्रीक वाङ्मय म्हटले की अथेन्स नगरी डोळ्यांपुढे उभी राहते. सॉफक्लीज, प्लेटो यांची ती कर्मभूमी, तेव्हा हे स्वाभाविकच होय. परंतु हा इतिहास चाळताना आम्हां बरकतपुऱ्यातील मराठी मंडळींना वेगळेच काही जाणवते. या वाङ्मयाचा मोठा भाग आजच्या ग्रीसच्या सीमेबाहेर निर्माण झाला.

परंपरा होमरचे नाव आशिया मायनरच्या किनाऱ्याशी जोडते. इतिहासाचा जनक हिरोडोटस तेथीलच हॅलिकार्नाससचा; ते आज तुर्कस्तानातील बोद्रुम. पुढे इजिप्तमधील अलेक्झांड्रियात टॉलेमी राजांनी ग्रंथालय उभारले. होमरच्या पाठांची चिकित्सा तेथे झाली. इ. स. पूर्व तिसऱ्या शतकात कॅलिमॅकस कवीने तेथेच ग्रीक ग्रंथकारांची १२० गुंडाळ्यांची सूची सिद्ध केली. तोही आफ्रिकेतील सायरीनचा.

याच अलेक्झांड्रियात १८६३ साली कवाफी जन्मला आणि १९३३ साली तेथेच निवर्तला. पाटबंधारे खात्यात सुमारे तीस वर्षे नोकरी करीत त्याने कविता लिहिली, सुटे कागद छापून स्नेह्यांत वाटले. आज तो आधुनिक ग्रीक कवींत अग्रगण्य मानला जातो. १९६३ च्या नोबेल पारितोषिकाचा मानकरी सेफेरिस, तोही स्मर्नाकडचा.

मराठीतही असे घडले आहे. तंजावरच्या दुसऱ्या सरफोजीराजांनी राजवाड्यात छापखाना काढला. सख्खण पंडितांनी मराठीत आणलेल्या इसापाच्या कथा ‘बालबोधमुक्तावली’ या नावाने १८०६ च्या सुमारास तेथे छापल्या गेल्या. मुंबईत सदाशिव काशीनाथ छत्रे यांची इसापनीती निघाली ती १८२८ साली. म्हणजे हा ग्रीक कथाकार मराठी मुद्रणात मुंबईआधी कावेरीकाठी अवतरला.

१९५६ साली मराठवाडा हैदराबादेपासून वेगळा झाला. आम्ही येथेच राहिलो. तेव्हापासून आपली मराठी मूळ प्रवाहापासून तुटली, अशी खंत आपल्या घरांतून ऐकू येते. नातवंडे मराठी बोलतात, वाचीत नाहीत, हेही खरे. तथापि अलेक्झांड्रियाने जुने जपले, तसेच नवेही लिहिले. आपल्या माळ्यांवर मोडी कागद, पत्रव्यवहार, नियतकालिकांचे गठ्ठे पडून आहेत. ते रद्दीत जाण्यापूर्वी त्यांची सूची आपणच केली पाहिजे. शेजारच्या तेलुगू-उर्दूतील उत्तम ते मराठीत आणण्यासही आपल्याइतके सोयीचे स्थान दुसऱ्या कोणाचे?