आजीचा आवाज आणि जुना डेक

१९५६पर्यंत आमच्या बुऱ्हाणपूरची राजधानी नागपूर होती, मग भोपाळ झाली. शाळा-कचेरीत हिंदी, घरात मराठी. तीही खानदेशी-निमाडी मिसळलेली. आमच्या घरची ती बोली कोणी लिहून ठेवली नाही. ती उरलीय फक्त आजीच्या तीन कॅसेटींत.

फिलिप्सने कॅसेट आणली १९६३ साली, पण आमच्या गल्लीत टू-इन-वन दिसू लागले ऐंशीच्या दशकात. १९८६ साली मामांनी आजीला ओसरीवर बसवून जात्यावरच्या ओव्या भरून घेतल्या. मागे पॉवरलूमचा खडखडाट, आणि मध्येच आजी विचारते, "चालू हाये का रे ते?"

मागच्या वर्षी मी घाईत एक स्वस्तातला नवा प्लेअर आणला. पहिलीच कॅसेट त्याने खाल्ली. चार ओव्या चुरगळल्या त्या चुरगळल्याच. मग मात्र नीट चौकशी केली.

फीत सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर सरकते. वेग जरा हलला की आजीचा आवाज आजीचा राहत नाही. म्हणून जुना, पण वजनदार बांधणीचा डेक शोधला. रबरी पट्टे आणि फीत ओढणारा रोलर नवे घातले, हेड साफ केलं. नुसतं ऐकायला तीन हेडचा डेक लागतोच असं नाही, चांगल्या स्थितीतला दोन हेडचा पुरतो. डॉल्बी बंदच ठेवलं. भरताना नव्हतं, तर ऐकताना कशाला?

खरी गोम हेडच्या तिरपेपणात. मामांच्या टू-इन-वनचं हेड किंचित कललेलं असावं, म्हणून सरळ हेडवर आवाज घोंगडीआडून आल्यासारखा येई. १९८२चा नाकामिची ड्रॅगन हे आपोआप जुळवून घ्यायचा. आपल्या ऐपतीत पेचकस बसला! 'स' आणि 'च' स्वच्छ ऐकू येईपर्यंत स्क्रू हळूहळू फिरवला.

आई आता ऐंशीची आहे. पहिली ओवी सुरू झाली तसा तिने डोक्यावर पदर घेतला. आजीने विचारलं, "चालू हाये का रे ते?" आई म्हणाली, "हाव माय, चालू हाये."

तुमच्या माळ्यावर अशी कॅसेट असेल तर आधी तिच्या पाठीवरचे दोन प्लास्टिकचे दात मोडा, म्हणजे चुकून पुसली जाणार नाही. पहिल्या फेरीतच आवाज संगणकावर उतरवून घ्या. आणि स्वस्तातल्या प्लेअरची घाई करू नका. माझ्या चार ओव्या गेल्या, तुमच्या वाचू देत.