जिऱ्यातलं जिरं कसं ओळखायचं?

मागच्या दिवाळीत मी अंबड तालुक्यात मामांकडे गेलो होतो. मामांनी शेततळ्यात कटला, रोहू, मृगळ असं मिक्स बीज सोडलं होतं. निदान विकणाऱ्यानं तसं सांगितलं होतं. वर्षभरानं जाळं ओढलं, तर जवळजवळ सगळा मृगळ! कटला पाण्याच्या वरच्या थरात खातो, रोहू मधल्या, मृगळ तळाशी. म्हणजे तळ्याचे दोन मजले रिकामे आणि खाली चेंगराचेंगरी.

"मामा, घेताना बघितलं नाही का?"

"जिऱ्यात जिरं, काय बघणार बाबा?"

मामांचं खरंच होतं. अंड्यातून निघालेल्या तीन-चार दिवसांच्या पिल्लाला आपल्याकडे मत्स्यजिरेच म्हणतात. लांबी जेमतेम ६-७ मिलिमीटर. आणि हा घोळ जुना आहे.

हे तिन्ही मासे मूळचे गंगेच्या खोऱ्यातले. फ्रान्सिस हॅमिल्टननं १८२२ मध्ये गंगेच्या माशांवर पुस्तक काढलं, पण वर्णनं मोठ्या माशांची. पिल्लांचं काय? पावसाळ्यात लोक नदीला जाळी लावून जिरे गोळा करायचे. त्यात चांगल्या माशांबरोबर शिकारी माशांची पिल्लंही यायची आणि तळ्यात बाकीच्यांना फस्त करायची. त्यामुळे पिल्लू ओळखणं हा पोटाचा प्रश्न होता.

मग १० जुलै १९५७ उजाडला. ओडिशात हिरालाल चौधरी आणि के. एच. अलिकुन्ही यांनी पीयूषिका ग्रंथीचा अर्क टोचून या माशांचं प्रजनन घडवून आणलं. म्हणूनच १० जुलैला राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन असतो. आता हव्या त्या जातीचं बीज हवं तेव्हा! प्रश्न मिटला?

नाही ना. हॅचरीत एकाच कुंडात दोन जाती सोडल्या की संकर होतो, आणि संकराचा आकार दोघांच्या मधला.

इथे माझ्यातला इंजिनिअर जागा झाला. डार्सी थॉम्पसननं १९१७ मध्येच दाखवलं होतं की एका माशाचं चित्र चौकटीच्या कागदावर काढून चौकट ताणली, की दुसऱ्या जातीचा आकार मिळतो. आज हेच काम कॉम्प्युटरवर होतं. फोटोवर डोळा, पराचं मूळ, शेपटीची सुरुवात असे बिंदू ठेवायचे, मग लहान-मोठेपणा आणि तिरकेपणा गणितानं काढून टाकायचा. उरतो तो निव्वळ आकार. फक्त पिल्लं एकाच लांबीची घ्या, कारण वाढताना आकारही बदलतो.

मामांना एवढं कुठलं जमायला? त्यांना मी सोपं सांगितलं: जिरे घेऊ नका, बोटुकली घ्या. पांढऱ्या ताटलीत पाणी घेऊन बघा. डोकं मोठं, अंग रुंद, शेपटीजवळ ठळक डाग नाही, तो कटला. ओठ झालरीसारखे, शेपटीच्या मुळाशी काळसर पट्टा, तो रोहू. अंग सडपातळ, डाग शंकरपाळ्यासारखा, तो मृगळ.

यंदा मामा ताटली घेऊनच बीज आणायला गेले. विकणारा म्हणाला, "काका, विश्वास नाही का?"

मामा म्हणाले, "आहे की. म्हणून तर ताटली आणली, डबा नाही."

भेटू पुढच्या भागात!