कामगारांच्या नावांची वही

कारखान्यांत आणि कचेऱ्यांत अलीकडे एक नवी व्यवस्था रूढ होत चालली आहे. संस्थेतील सर्वांची नावे, हुद्दे आणि दूरध्वनी क्रमांक एका मुख्य यादीत ठेवलेले असतात, आणि ती यादी प्रत्येक नोकराच्या मोबाइलमध्ये आपोआप उतरते. कोणाची बदली झाली, कोणाचा क्रमांक बदलला, तर मुख्य यादीत एकदा दुरुस्ती करावयाची. मग शंभर जणांच्या खिशांतील शंभर याद्या आपोआप सुधारतात. या जुळवणीला ‘सिंक करणे’ म्हणतात. हा विषय यंत्राचा. तो व्याख्यानमालेत कशाला, असे कोणी विचारील. त्यावर आमचे म्हणणे असे की, कामगारांच्या नावांची यादी कोणाच्या हाती असावी, हा प्रश्न मोबाइलहून फार जुना आहे. त्या प्रश्नाचा इतिहास आपल्या चंदगड तालुक्याने जवळून पाहिला आहे, आणि त्याची किंमतही मोजली आहे. तो इतिहास ध्यानात घेतल्यावाचून आजच्या यादीचा नीट विचार होणार नाही.

१ नोव्हेंबर १९५६ पर्यंत चंदगड तालुका बेळगाव जिल्ह्यात मोडत होता. राज्यपुनर्रचनेत तो कोल्हापूर जिल्ह्यास जोडला गेला. जिल्हा बदलला तरी पोटाची वाट बदलली नाही. धो धो पाऊस, भात-नाचणीची तुटपुंजी शेती, आणि घरात खाणारी तोंडे पुष्कळ. तरुण पोरे घाट उतरून मुंबईच्या गिरण्यांत जात. तेथे लालबाग, परळ, वरळी या भागांत गावागावांच्या खोल्या असत. एका खोलीत दोन पाळ्यांची माणसे आळीपाळीने झोपत, भिंतीला लागून ट्रंकांची चळत असे, आणि खोलीची एक वही असे. त्या वहीत कोणाची वर्गणी आली, कोण गावी गेला, कोण नवा आला, हे लिहिलेले असे. ज्यास वाचता येई त्याने ती वाचून दाखवावी, बाकीच्यांनी ऐकावी. ती वही कोणा एकाची नव्हती. गावाहून पत्र आले की ते खोलीच्या पत्त्यावर येई, आणि माणूस कोणत्या गिरणीत, कोणत्या पाळीला आहे, हे खोलीस ठाऊक असे.

खोलीत जी यादी सर्वांची होती, ती गिरणीच्या दारात एका माणसाच्या हाती होती. तो माणूस म्हणजे जॉबर. मुंबईत पहिली सूतगिरणी १८५६ मध्ये चालू झाली, तेव्हापासून पुढे किती तरी वर्षे कामगार नेमणे, काढणे, बदलीवर घेणे हे जॉबरच्या मर्जीवर चाले. आपल्या माणसांची यादी तो डोक्यात बाळगी. दस्तुरी दिली तर नाव त्या यादीत राही; न दिली तर माणूस फाटकाशी उभा राही. १९२९ मध्ये नेमलेल्या शाही कामगार आयोगाने १९३१ च्या आपल्या अहवालात जॉबरच्या या सत्तेवर बोट ठेवले. १९३५ मध्ये मुंबईच्या गिरणीमालकांच्या संघाने बदली कामगारांस कार्डे देण्याची पद्धत घातली. कार्ड असलेल्यांनी रोज सकाळी हजर राहावे आणि त्यांतूनच बदली भरावी, असा नियम झाला. जॉबरच्या डोक्यातील यादी अशा रीतीने कागदावर आली. परंतु ती कागदावर आली ती मालकाच्या.

कामगारांनी आपली नावे आपण होऊन लिहिल्याचा दाखला याहून जुना आहे. १८८४ मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी परळ भागात गिरणी कामगारांच्या सभा भरविल्या आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज फॅक्टरी कमिशनपुढे ठेवला. आठवड्यास एक सुट्टी, दुपारी थोडी विश्रांती, वेळेवर पगार, अशा साध्या मागण्या होत्या. पण आमच्या मते त्या मागण्यांइतकेच मोल त्या साडेपाच हजार नावांना आहे. तोवर कामगाराचे नाव हजेरीपटावर आणि सावकाराच्या खात्यावर लिहिले जाई. ते लिहिणारा दुसराच कोणी असे. येथे कामगाराने स्वतःच्या मागणीखाली स्वतःचे नाव दिले. १९२८ च्या सहा महिन्यांच्या संपात गिरणी कामगार युनियन उभी राहिली आणि वर्षअखेरीस तिचे सभासद पन्नास हजारांवर गेले. गिरणीगिरणीत समित्या झाल्या. एवढी माणसे एका हाकेला जमली, याचे कारण नुसत्या भाषणात शोधून चालणार नाही. कोणता माणूस कोणत्या खात्यात आणि कोणत्या चाळीत आहे, हे समितीस माहीत होते.

याच काळातल्या कायद्यात एक महत्त्वाची अट आहे. १९२६ च्या कामगार संघटना कायद्याने नोंदणी हवी असलेल्या प्रत्येक संघटनेस सभासदांची यादी ठेवणे भाग पाडले, आणि ती यादी पदाधिकाऱ्यांस व सभासदांस पाहावयास मिळण्याची सोय असली पाहिजे, असेही सांगितले. पुढे १९४८ च्या कारखाना कायद्याने मालकास प्रौढ कामगारांची नोंदवही ठेवावयास लावले, आणि ती निरीक्षकास केव्हाही पाहता आली पाहिजे असा दंडक घातला. मालकाची वही सरकारने पाहावी, संघटनेची वही सभासदाने पाहावी, असा हा न्याय होता. यादी म्हणजे सत्ता आहे आणि सत्तेवर कोणाची तरी नजर हवी, हे त्या कायदे करणारांस कळले होते.

आता या इतिहासातील सर्वांत दुःखाचा भाग. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. महिन्यांमागून महिने गेले. खोल्यांचे भाडे थकले, खाणावळीचे पैसे थकले, आणि माणसे ट्रंका उचलून गावाकडे परतली. चंदगड, आजरा, गडहिंग्लज या पट्ट्यांत असे घर क्वचितच असेल की जेथे कोणी परतले नाही. नोकरी गेली हे सर्वांस दिसले. त्याबरोबर दुसरीही एक गोष्ट गेली, तिच्याकडे फार थोड्यांचे लक्ष गेले. एका साच्यावर वीस वीस वर्षे काम केलेली माणसे एकमेकांस हरवली. एक चंदगडास, दुसरा चिपळुणास, तिसरा साताऱ्यास. पत्ता होता तो चाळीचा, आणि पुढे कित्येक चाळीही पडल्या.

त्याचा हिशोब पुढे द्यावा लागला. बंद गिरण्यांच्या जमिनीवर कामगारांस घरे देण्याची योजना आली. सुमारे दीड लाख अर्ज जमा झाले आणि २८ जून २०१२ रोजी म्हाडाने ६,९२५ घरांची सोडत काढली. अर्जदाराने आपण त्या गिरणीत होतो हे सिद्ध करावयाचे. त्यासाठी जुने ओळखपत्र हवे, पगाराची पावती हवी, ते नसेल तर माहितगार सोबती हवा. कामगार निवर्तला असेल तर त्याच्या वारसास यांतले काहीच ठाऊक नाही. आम्ही संघटनेची माणसे खेडोपाडी फिरलो तेव्हा कागदापेक्षा माणसे शोधण्यातच अधिक दिवस गेले. गिरणीचा हजेरीपट मालकाच्या कपाटात राहिला. खोलीची वही कोणाच्या ट्रंकेत गेली, पत्ता नाही. ज्याला आपल्या चार सोबत्यांचा ठावठिकाणा ठाऊक होता त्याचे काम झाले, आणि ज्याला नव्हता तो हात चोळीत बसला.

तुम्ही म्हणाल, तेव्हा फोन नव्हते. फोन आले, हे खरे. पण ते कसे आले तेही पाहू. १९८६ मध्ये सी-डॉटने आपले पहिले ग्रामीण स्वयंचलित टेलिफोन केंद्र बेळगाव जिल्ह्यातल्या कित्तूर येथे बसविले. आपल्या शेजारचीच ही गोष्ट. त्यानंतर गावोगाव एस.टी.डी.च्या पेट्या आल्या, आणि ३१ जुलै १९९५ रोजी कलकत्त्याहून देशातला पहिला मोबाइल संवाद झाला. सुरुवातीच्या मोबाइलमध्ये सिमकार्डावर साधारण दोन-अडीचशे नावे मावत. फोन हरवला की नावे हरवली. शिवाय दूरध्वनीच्या कारभारात मुंबई हे एक मंडळ, उर्वरित महाराष्ट्र व गोवा हे दुसरे, कर्नाटक हे तिसरे. आपला तालुका सीमेवर. ३ जुलै २०१५ पासून देशभर एकच क्रमांक कोठेही नेता येऊ लागला. त्यापूर्वी मुंबईचा क्रमांक चंदगडास आणून वापरणे खर्चाचे होते, आणि पुष्कळांनी तो टाकून इथला घेतला. चाळीचा पत्ता जसा शिळा झाला तसाच क्रमांकही शिळा होत गेला.

या शिळेपणावरचा उपाय म्हणून आजची सामाईक यादी आली, आणि उपाय म्हणून ती चांगली आहे, हे प्रथम सांगितले पाहिजे. तिची रचना सोपी आहे. प्रत्येक माणसाचे एक कार्ड. त्यावर नाव, हुद्दा, क्रमांक, आणि त्या कार्डाची एक कायमची खूण. मुख्य यादी एका यंत्रावर. फोन अधूनमधून त्या यंत्रास विचारतो, ‘मागच्या खेपेनंतर काय बदलले?’ आणि बदललेली कार्डे तेवढी उतरवून घेतो. ही विचारपूस निरनिराळ्या कंपन्यांच्या यंत्रांत सारख्याच भाषेत व्हावी म्हणून २०११ मध्ये ‘कार्डडॅव’ नावाचा नियम प्रसिद्ध झाला. शिनोळीच्या किंवा हलकर्णीच्या औद्योगिक वसाहतीत रात्रपाळीस कोणाचा हात यंत्रात सापडला, तर डॉक्टरचा, गाडीवाल्याचा, वीजतंत्र्याचा चालू क्रमांक प्रत्येकाच्या खिशात असणे ही जिवाची गोष्ट आहे. अशा यादीस विरोध करणे म्हणजे बदली कार्डापेक्षा जॉबर बरा होता, असे म्हणण्यासारखे होईल.

परंतु यादी आपल्या फोनमध्ये आली म्हणून ती आपली झाली, असे समजू नये. तिची दोरी मुख्य यंत्रापाशी असते. नोकरी सुटली, खाते बंद झाले, की त्या खात्याची सारी नावे फोनमधून निघून जातात. गिऱ्हाइकांचे आणि पुरवठादारांचे क्रमांक मालकाने परत घ्यावेत, त्यास आमची हरकत नाही. पण त्यांच्याबरोबर सोबत्यांची नावेही जातात. १९८२ नंतर माणसे पांगावयास वर्ष-दोन वर्षे लागली. आता तेच काम एका कळीसरशी होते, आणि ज्याचे होते त्याला बऱ्याचदा त्या रात्री कळतही नाही. दुसरी गोष्ट अशी की, काही उपकरणांस फोनवही वाचण्याची परवानगी दिली की ती सगळीच वही वाचतात. त्यात घरच्या डॉक्टरचा, सावकाराचा आणि युनियनच्या माणसाचाही क्रमांक असतो. तिसरी गोष्ट कामगार बायांची. काजूच्या कारखान्यात काम करणाऱ्या बाईचा खाजगी क्रमांक शंभर पुरुषांच्या फोनमध्ये तिला न विचारता उतरविणे ही सोय नव्हे, जाच आहे.

फोन कोणाचा, यावरही पुष्कळ अवलंबून आहे. महाराष्ट्रातील अंगणवाडी सेविकांना सरकारने फोन दिले होते. ते कमी क्षमतेचे आहेत, पोषण ट्रॅकर हे उपकरण इंग्रजीत आहे, दुरुस्तीचा भुर्दंड आपल्यावर पडतो, अशा तक्रारी करून ऑगस्ट २०२१ मध्ये हजारो सेविकांनी ते फोन सरकारला परत केले. कामाचे हत्यार कामास योग्य असावे आणि त्याचा खर्च काम देणाऱ्याने सोसावा, हे जुने तत्त्व त्या बायांनी नव्या हत्यारास लावून दाखविले. जेथे फोन कामगाराचा स्वतःचा आहे, तेथे तर मालकाने अधिकच मर्यादेने वागले पाहिजे.

कायदा येथे थोडा मदतीस येतो, पण पुरा येत नाही. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात नोकरीच्या कारणासाठी मालकास नोकराची माहिती वेगळी संमती न घेता वापरण्याची वाट ठेवलेली आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले आणि मुख्य जबाबदाऱ्या लागू होण्यास अठरा महिन्यांची मुदत दिली गेली. म्हणून जे मिळवावयाचे ते वाटाघाटीच्या टेबलावर करारात लिहून घेतले पाहिजे. कामाची यादी फोनच्या वेगळ्या कप्प्यात राहावी. अँड्रॉइड फोनमध्ये अशा कप्प्याची सोय २०१४ च्या आवृत्तीपासून आहे. जुळवणी एकाच बाजूने व्हावी: मुख्य यादीतून फोनकडे नावे यावीत, फोनमधील खाजगी नावे तिकडे जाऊ नयेत. खाजगी क्रमांक विचारल्यावाचून यादीत घालू नये. नाव काढावयाचे तर त्या कामगारास आधी कळवावे. यांत खर्चाचे असे काही नाही. मान्य करण्याची इच्छा तेवढी हवी.

याहून महत्त्वाचे काम मात्र आपले आपल्यालाच करावे लागेल. प्रत्येक कारखान्यातील कामगारांची, कामगारांनीच ठेवलेली एक वही असली पाहिजे. तीत नाव, गावचा पत्ता, फोन, आणि घरातल्या एका माणसाचा फोन असावा. ज्यास नाव द्यावयाचे नसेल त्याच्यावर सक्ती नसावी. एक प्रत फोनमध्ये ठेवा, हरकत नाही. पण एक कागदावर ठेवा, आणि ती एकाच पुढाऱ्याच्या घरी ठेवू नका, आमच्याही नको. जॉबर काही गिरणीतच जन्मतो असे नाही. जी यादी एकट्याच्या हाती राहते ती संघटनेतही जॉबर निर्माण करते. दर वर्षी १ मे रोजी झेंडावंदन झाले की ही वही सर्वांसमोर वाचावी. बदललेले क्रमांक तेथेच दुरुस्त करावेत, आणि नोकरीवरून कमी झालेल्यांची नावे खोडू नयेत. त्यांच्यापुढे वर्ष लिहून ती तशीच ठेवावीत. पुढे कधी घराचा, फंडाचा, भरपाईचा प्रश्न आला, तर त्याच नावांची गरज पडणार आहे.