हस्तिदंतापासून कापसापर्यंत

पैनगंगेच्या दक्षिणेस वसलेला आदिलाबाद जिल्हा मराठी माणसास परका नाही. काळ्या जमिनीतला कापूस, सागाची राने आणि तेंदूची पाने ही त्याची जुनी ओळख. २०१६ साली जिल्ह्याची विभागणी होईपर्यंत लाकडी खेळण्यांसाठी प्रसिद्ध असलेले निर्मल गावही त्यातच मोडत असे. या मुलुखाचा आणि बिलिअर्ड्ससारख्या दिवाणखान्यातील खेळाचा संबंध तो काय, असे कोणीही विचारील. परंतु त्या खेळाच्या साहित्याचा इतिहास चाळू लागले की लाकूड आणि कापूस या दोन्ही ओळखीच्या वस्तू तेथे भेटतात.

प्रथम चेंडूचा विचार करू. दीर्घकाळ उत्तम चेंडू म्हणजे हस्तिदंती चेंडू, असे समीकरण होते. दाताच्या मध्यातून जाणारी बारीक नळी चेंडूच्या बरोबर केंद्रातून जावी लागे; म्हणून एका दातातून मोजकेच निर्दोष चेंडू निघत. त्यासाठी थोराड दातांपेक्षा माद्यांचे लहान, सरळ दात अधिक पसंत केले जात. कमरेइतक्या उंचीच्या मेजावर घटकाभर गडगडण्यासाठी कळपातील माता बळी पडत होती, ही गोष्ट खेळणाऱ्यांच्या ध्यानीही येत नसेल. शिवाय हस्तिदंत हवेतील ओल शोषून घेतो, सर्व बाजूंनी सारखा फुगत नाही आणि चेंडूची गोलाई बिघडते.

दात दुर्मिळ आणि महाग होऊ लागले, तेव्हा १८६३ च्या सुमारास अमेरिकेतील एका साहित्य-विक्रेत्या पेढीने हस्तिदंतास पर्याय शोधणारास दहा हजार डॉलर्सचे बक्षीस जाहीर केले. आल्बनी येथील जॉन वेस्ली हायट या मुद्रकाने या प्रश्नात लक्ष घातले. कापसावर नायट्रिक आम्लाची प्रक्रिया करून मिळणाऱ्या द्रव्यात कापूर मिसळून त्याने सेल्युलॉइड सिद्ध केले. १८७० साली त्याचे पेटंट मिळाले. देवघरातला कापूर आणि शेतातला कापूस, या दोहोंतून हत्तीच्या दाताला प्रतिस्पर्धी निर्माण झाला! सेल्युलॉइड ज्वालाग्राही आणि खेळास पुरेसे समाधानकारक नव्हते हे खरे; परंतु वाट मोकळी झाली. पुढे १९०७ साली लिओ बेकलंडने बेकेलाइट शोधले आणि त्याच घराण्यातील फिनॉलिक राळेचे चेंडू आज सर्वत्र वापरले जातात. १९८९ साली आफ्रिकी हस्तिदंताच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदीचा निर्णय झाला, तेव्हा बिलिअर्ड्सला त्याची झळ लागण्याचे कारण उरले नव्हते.

काठीची कथाही अशीच. आरंभी खेळाडू चपट्या डोक्याच्या दांड्याने चेंडू ढकलीत. चेंडू कडेला टेकला म्हणजे दांडा उलटा धरून त्याच्या शेपटाने टोला मारीत. फ्रेंच भाषेत शेपटीला जो शब्द आहे, त्यावरूनच ‘क्यू’ हे नाव आले. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी फ्रान्समधील मँगो याने क्यूच्या टोकास चामड्याची टोपी बसविली आणि चेंडूस फिरक देणे शक्य झाले. १८२६ साली लंडनच्या जॉन थर्स्टनने लाकडी फळ्यांऐवजी पाटीच्या दगडाचे मेज आणले. अशा मेजावर १८७५ साली जबलपुरात नेव्हिल चेंबरलेनने स्नूकर जन्मास घातले. आणि पुण्यात जन्मलेल्या विल्सन जोन्सने १९५८ साली कलकत्त्यात व १९६४ साली न्यूझीलंडमध्ये हौशी बिलिअर्ड्सचे जगज्जेतेपद जिंकले.

आता निवड व निगा. क्यूची काठी बहुधा ॲश किंवा मेपलची आणि मूठ आबनुसासारख्या जड लाकडाची असते. आदिलाबादच्या रानातला तेंदू हा त्याच आबनुसाच्या कुळातला. काठी घेताना ती डोळ्यासमोर धरून टोकाकडे पाहावे, सपाट मेजावर लोळवून पाहावे. वाकडी असेल तर ती उड्या मारते. स्नूकरच्या काठीचे टोक साधारण ९ ते १० मिलिमीटर, तर पूलच्या काठीचे १२ ते १३ मिलिमीटर असते. चेंडूही वेगळे: स्नूकरचा ५२.५ मिलिमीटर, पूलचा सुमारे ५७. म्हणून एका खेळाचे साहित्य दुसऱ्यास चालवू नये.

वैशाखातील झळा आणि पावसाळ्यातील दमट हवा ही लाकडाची वैरी. काठी भिंतीला तिरकी टेकवून ठेवू नये, तापलेल्या मोटारीत विसरू नये. खेळ संपताच कोरड्या फडक्याने पुसून पेटीत ठेवावी. चामड्याचे टोक किंचित घुमटाकार राखावे आणि खडू हलक्या हाताने लावावा. चेंडू कोमट पाण्याने धुऊन मऊ कापडाने टिपावेत. मेजावरच्या लोकरी कापडावरून ब्रश फिरवताना लवेची दिशा सोडू नये.

कोणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला? उत्तर या इतिहासातच आहे. एकेकाळी एका चेंडूमागे प्राण्याचा जीव जात असे. माणसाच्या बुद्धीने तो वाचविला. बुद्धीने दिलेली वस्तू काळजीने वापरून दीर्घकाळ टिकविणे, ही त्या बुद्धीची साधी कृतज्ञता होय.